मजुरी नको, पाकीट न्या

मामाच्या दुकानाच्या जागी आता मोबाइलची कव्हरं विकतात. परवा तिथून जाताना मी उगाच आत शिरले. गुलाबी भिंती, आरसे, डोळे दिपतील असे दिवे. ज्या कोपऱ्यात मामाचं शिलाई मशीन असायचं तिथे एक मुलगी स्टुलावर बसून स्वतःच्याच मोबाइलमध्ये डोकं खुपसून होती. "काय पाहिजे काकू?" तिने मान वर न करता विचारलं. मला जे पाहिजे होतं ते तिच्याकडे असणार नव्हतं, म्हणून एक कव्हर विकत घेऊन मी बाहेर पडले. ते माझ्या फोनला बसतही नाही.

मामा माझ्या आईचा धाकटा भाऊ. बॅगा दुरुस्त करायचा. लग्न केलं नाही. जेवायला आमच्याकडे आणि झोपायला दुकानाच्या पोटमाळ्यावर. दुकान कसलं, दोन इमारतींमधली फट होती ती. आत पाऊल टाकलं की चामडं, मेण आणि मशीनचं तेल यांचा मिळून एक वास यायचा. छताच्या हुकांना बॅगा लटकलेल्या असायच्या आणि उंच माणूस आला की त्याचं डोकं कुठल्यातरी बॅगेच्या चाकावर आपटायचंच. मामा शांतपणे म्हणायचा, "आपटू द्या साहेब. इथे डोकं फुटलं तर स्वस्तात शिवून मिळतं. तुम्ही जिथे निघालात ना, तिथे फुटलं तर घर विकावं लागेल." हे बोलताना त्याच्या हातात दाभण असायचं, त्यामुळे गिऱ्हाईक हसायचं, पण दोन पावलं मागे सरकून.

रस्ता विमानतळाकडे जाणारा. त्यामुळे परदेशी निघालेले आणि परदेशातून आलेले असे दोन्हीकडचे लोक मामाकडे यायचे, आणि बॅग रिकामी करून आणावी हे कुणालाही सुचत नसे. चेन तुटते ती बॅग भरतानाच. मग गुडघ्याने दाबून धरलेली, दोरीने बांधलेली, अर्धी उघडी बॅग घेऊन घामाघूम माणूस दारात उभा. मामा ती उघडायचा, आतलं सामान एका स्वच्छ चादरीवर नीट काढून ठेवायचा आणि काम करता करता बघायचा. बघायचा म्हणजे काय, चौकशाच करायचा.

या चौकशांतून त्याने स्वतःचा एक भूगोल तयार केला होता. मी शाळेत भूगोल शिकवायचे, आणि मामाला देशांच्या राजधान्या विचारल्या तर दहातल्या आठ चुकायच्या. पण कुठल्या देशात आजारी पडणं परवडतं हे त्याला तोंडपाठ होतं. एका देशात निघालेल्यांच्या बॅगेत वर्षभर पुरतील एवढे दम्याचे पंप सापडायचे, कारण तिकडे एका पंपाच्या किमतीत इथे शेल्फभर पंप यायचे. एका देशात डॉक्टर फुकट, पण नंबर लागेपर्यंत दुखणं तरी कंटाळून निघून जायचं, नाहीतर माणूस. आणखी एका देशात रुग्णवाहिकेच्या बिलाच्या धसक्याने लोक मोडलेला पाय हातात धरून टॅक्सीने दवाखान्यात जायचे. यातलं खरं किती आणि मामाने पदरचं घातलेलं किती, कोण जाणे. मी त्याला म्हणायचे, "मामा, तुझ्या भूगोलात डोंगर नाहीत, नद्या नाहीत, नुसत्या गोळ्या आहेत." तो म्हणायचा, "डोंगर बघायला कोण जातंय? गोळ्या रोज लागतात."

एकदा एक गृहस्थ आले. दर दोन वर्षांनी यायचे, दातांचं काम करून परत जायचे. त्यांनी मामाला समजावून सांगितलं की तिकडे एका दाढेला जेवढा खर्च येतो तेवढ्यात इथे येणं, दाढ करून घेणं, आईला भेटणं आणि परत जाणं सगळं बसतं. मामाने त्यांच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "म्हणजे आईची भेट दाढेमुळे होते. तोंडात बत्तीस आहेत ना? मग आईला काळजी नाही." ते गृहस्थ जरा लालबुंद झाले, पण पैसे चुकते करून गेले. मला त्या वेळी मामाचा राग आला होता. गिऱ्हाइकाला असं कोणी बोलतं का?

हे सगळं ज्ञान त्याने कशासाठी गोळा केलं, ते सांगायला हवं. आमची अक्कामावशी, म्हणजे मामाची आणि माझ्या आईची थोरली बहीण, लग्न होऊन परदेशी गेली. मामाची आई तो लहान असतानाच गेली होती. त्याला अक्कानेच कडेवर वाढवलं, अक्कानेच सुईत दोरा ओवायला शिकवलं. ती परदेशी गेली तेव्हा मामा मोठा बाप्या होता, तरी आठवडाभर जेवायला आला नाही असं आई सांगायची.

मावशीचे यजमान गेल्यानंतर ती एकदा इकडे आली होती. रक्तदाब आणि हृदयाचं काहीतरी, दोन्हींच्या गोळ्या चालू होत्या. येताना तिच्या बॅगेचं अस्तर उसवलं, म्हणून मामाने बॅग दुकानात नेली. अस्तराच्या खिशात त्याला कागदात गुंडाळलेलं एक ब्लेड सापडलं, आणि एका डबीत गोळ्यांचे अर्धे तुकडे. तो तसाच, बॅग टाकून, घरी आला. आम्ही सगळे चहा पीत बसलो होतो.

"अक्का, हे काय?"

"काही नाही रे. अर्धी घेते मी."

"डॉक्टरने अर्धी सांगितलीय?"

मावशी बशीतल्या बिस्किटाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तिकडे फार महाग आहेत रे. अर्धीनेही बरं वाटतं."

मामा उठला आणि थेट त्याच्या दुकानाला लागून असलेल्या औषधाच्या दुकानात गेला. तो औषधवाला त्याचा जुना दोस्त, दुपारी दोघं एकाच डब्यातून जेवायचे. त्याने गोळ्या बघितल्या, इथली किंमत सांगितली, आणि मामा रस्त्यातच मटकन खाली बसला. ज्या गोळीचा तुकडा करून त्याची बहीण अर्धा जीव जगवत होती, ती इथे चहाबिस्किटाच्या भावात मिळत होती. आई सांगते, त्या दिवशी तो लहान मुलासारखा रडला. मी त्याला रडताना पाहिलं नाही, पण संध्याकाळी त्याचे डोळे सुजलेले होते आणि त्याने चष्मा कपाळावरून खाली ओढून ठेवला होता, एरवी तो कधीच जागेवर नसायचा.

तिथून मामाच्या दुकानाची रीत सुरू झाली. मावशीच्या देशात निघालेल्या माणसाची बॅग तो फुकट दुरुस्त करायचा. चेन असो, चाक असो, मजुरी घ्यायचा नाही. बदल्यात एक पाकीट न्यायचं. लोक आधी बिचकायचे, आणि ते रास्तच होतं. मग मामा पाकीट त्यांच्यासमोर उघडायचा, गोळ्यांची एकेक पट्टी दाखवायचा, डॉक्टरची चिठ्ठी दाखवायचा, शेजारच्या औषधवाल्याला हाक मारून साक्षीला उभं करायचा. आणि एक अट घालायचा: "हातात द्यायचं. दारात ठेवायचं नाही, शेजारी द्यायचं नाही. औषध आहे. अक्काच्या हातात."

पाकीट बांधणं हा मामाचा सोहळा असायचा. खोकी काढून टाकायची, कारण खोकी जागा खातात. मग पट्ट्यांच्या चारही कडा कात्रीने कापायच्या. शिवण झाली की उरलेलं कापड कापून टाकायचं, ही त्याची आयुष्यभराची सवय. कुठेही काही लोंबकळत राहिलेलं त्याला खपायचं नाही. कापून कापून पट्टी अशी सुबक व्हायची की पाकीट कोटाच्या आतल्या खिशात बसायचं. औषधवाला कपाळाला हात लावायचा. "अरे, कडेलाच तारीख छापलेली असते! कधीपर्यंत चांगली आहे ते कळणार कसं तिला?" मामा म्हणायचा, "मी ताज्याच पाठवतो. भाजी घेताना तारीख बघतोस का?"

नेणारा माणूस काही महिन्यांनी परत आला की बॅग काही ना काही मोडलेली असायचीच, आणि नसली तरी मामा त्याला बोलावून घ्यायचा. स्टुलावर बसवायचा, चहा मागवायचा आणि प्रश्न विचारायचा. दार अक्कानेच उघडलं का? उघडायला किती वेळ लागला? पायात काय होतं? हसली का? मला या चौकशीचं हसू यायचं. पायात काय होतं म्हणजे काय! एकदा एका बिचाऱ्याला आठवेना, तर मामाने त्याला असं झापलं की त्याने भीतीने लाल सपाता सांगून टाकल्या. "अक्का आणि लाल?" मामा तुच्छतेने म्हणाला.

अशी वर्षं गेली. आणि मग चार चाकांच्या, कडक कवचाच्या स्वस्त बॅगा आल्या. त्या मोडल्या की लोक टाकून देतात. हुक रिकामे होत गेले. मामाला मोतीबिंदू झाला, हात थरथरायला लागले, आणि एके दिवशी मशीनची सुई त्याच्या बोटातून आरपार गेली. औषधवाल्याने पट्टी बांधली आणि आम्हाला बोलावून घेतलं. त्या रविवारी आमच्या घरी आईने मामाला समोर बसवलं आणि सांगितलं की आता पुरे. जागेचा मालक चांगली रक्कम द्यायला तयार आहे. डोळ्याचं ऑपरेशन होईल, आमच्याकडे खोली आहे, आरामात राहा.

"आणि अक्काच्या गोळ्या?" मामा म्हणाला.

"कुरिअरने पाठवू."

"कुरिअरवाला दारात टाकून जातो."

"मग मुलाला सांगू तिच्या, तो आणून देईल."

मावशीचा मुलगा त्याच देशात, पण दुसऱ्या टोकाला राहायचा. रविवारी फोन करायचा. पट्टी बांधलेलं बोट वर धरून मामा म्हणाला, "बॅग दुरुस्त करायला माणूस आला नाही, तर पाकीट जायचं कुणाकडून? अक्का जिवंत आहे तोवर दुकान चालू राहील." आणि जेवण अर्धवट टाकून निघून गेला. आम्ही सगळ्यांनी त्याच्यापुढे हात टेकले. मी तर मनातल्या मनात मावशीवरच चिडले. एवढी वर्षं झाली, आता तरी हिला तिकडे स्वस्तात काही मिळत नाही का?

त्याच वर्षी आमच्या शाळेकडून दोन शिक्षकांना परदेशी पाठवायचं ठरलं, आणि त्यातली एक मी होते. देश मावशीचाच. मामाने माझ्या धडधाकट बॅगेची चेन उगाचच काढून नवी बसवली, कारण मजुरी माफ केल्याशिवाय पाकीट देणं त्याच्या नियमात बसत नव्हतं.

मावशीचं घर एका लांब, शांत रस्त्यावर होतं. एकाला एक चिकटलेली घरं, सगळी दारं बंद. मी घंटा वाजवली आणि मोजायला लागले, मामाने सांगितलं होतं म्हणून. बराच वेळ गेला. आतून "आले, थांब" असं ऐकू आलं, मग काठीचा आवाज, मग साखळीचा. मावशीने दार उघडलं. पायात राखाडी लोकरी मोजे होते, एकाचा अंगठा रफू केलेला. मला बघून ती हसली आणि मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बराच वेळ तशीच उभी राहिली. ती एवढीशी झाली होती. मला आठवत होती ती मावशी दार भरून टाकायची.

ती बोलत सुटली. आजवर पाकीट घेऊन आलेला प्रत्येक माणूस तिला लक्षात होता. कोण कुठल्या खुर्चीवर बसला, कुणी किती चहा प्यायला, कुणाच्या मुलीचं लग्न ठरत नव्हतं, कुणी जाताना नळ दुरुस्त करून दिला. "त्या लग्नाचं पुढे काय झालं गं?" ती मलाच विचारत होती. मला काय माहीत! मामाला माहीत असणार. मी म्हटलं, विचारून कळवते.

दुसऱ्या दिवशी आम्ही फिरायला निघालो. वाटेत तिचं औषधाचं दुकान लागलं. ती आत गेली, काउंटरवरच्या बाईने हसून तिच्यापुढे एक पिशवी ठेवली, मावशीने ती पर्समध्ये टाकली आणि आम्ही बाहेर आलो. पैसे कुणी मागितले नाहीत, कुणी दिले नाहीत. मी फुटपाथवर थांबले.

"मावशी, ते काय होतं?"

"गोळ्या."

"कसल्या?"

"माझ्याच गं. रक्तदाबाच्या."

"आणि पैसे?"

मावशीने इकडेतिकडे पाहिलं, जसं काही तिथे कुणाला मराठी कळणार होतं. "पासष्टी झाली की इथे गोळ्यांना पैसे पडत नाहीत," ती पुटपुटली.

तिची पासष्टी उलटून किती वर्षं झाली होती! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी भर रस्त्यात तिच्यावर ओरडले. तिथे तो माणूस दिसत नसताना चेना शिवतोय, सुई बोटातून आरपार गेलीय, ऑपरेशन लांबणीवर टाकलंय, का तर अक्काच्या गोळ्या! आणि अक्काला त्या फुकट मिळतात! मग त्याच्या पाकिटांचं करतेस काय?

"ठेवून देते. त्याने कापलेल्या पट्ट्या कशा घेणार? तारीखच कापून टाकतो मेला." तिला हसू फुटलं आणि लगेच डोळे भरून आले. "पहिली काही वर्षं खरंच त्याच्याच गोळ्यांवर जगले गं. तेव्हा तारीख कुठली बघतेस! पुढे फुकट मिळायला लागल्या. त्याला कळवायचं म्हणून फोनही उचलला होता. तेवढ्यात घंटा वाजली. दारात माणूस उभा, पाकीट घेऊन. आत आला, बसला. कितीतरी दिवसांनी मी कुणाशी तरी तोंडभर बोलले. फोन तसाच राहिला."

माझा राग गेला नव्हता, पण तो आता कुणावर काढावा हे कळेना.

"त्याला सांगू नकोस," मावशी म्हणाली. "त्याला वाटेल इतकी वर्षं फुकट गेली."

मी वचन दिलं नाही. परतीच्या विमानात सगळा वेळ मनाशी घोळवत होते. सांगितलं तर मामा मोडून पडेल, नाही सांगितलं तर डोळे घालवून बसेल. शेवटी ठरवलं, सांगायचं. डोळे गेले तर परत येणार नाहीत.

उतरल्यावर मी घरी न जाता बॅगेसकट दुकानात गेले. मामाने मला स्टुलावर बसवलं, चहा मागवला, सगळं इतर गिऱ्हाइकांसारखंच.

"दार कोणी उघडलं?"

"मावशीनेच."

"वेळ किती लागला?"

मी सांगितला. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "मागच्यापेक्षा जास्त. काठी होती?"

"होती."

"पायात?"

"राखाडी मोजे. अंगठा रफू केलेला."

"हं. हसली?"

"हसली, मग रडली."

तो समाधानाने मान हलवत राहिला, आणि पुन्हा कामाकडे वळला. मी वाट बघत होते. आता विचारेल, गोळ्या घेते का, रक्तदाब किती आहे, पुढच्या पाकिटात किती पट्ट्या टाकू. त्याने काही विचारलं नाही. आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की हे प्रश्न मी त्याच्या तोंडून कधीच ऐकले नव्हते. गेल्या कित्येक वर्षांत एकदाही नाही.

"मामा, तिथे मावशीला गोळ्या फुकट मिळतात."

मामाने दाताने दोरा तोडला. "माहितीये."

"काय?"

"पासष्टीनंतर फुकट. तिच्या सगळ्याच गोळ्या. माझ्याकडे त्या देशाच्या बॅगा किती येतात माहितीये? मला नाही कळणार?"

"मग हे काय चालवलंयस तू?" माझा आवाज एवढा चढला की शेजारून औषधवाला डोकावला, आणि माझा चेहरा बघून परत गेला. त्यालाही माहीत होतं तर.

मामाने चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसायला लागला. "हे बघ. मी एखाद्याला म्हटलं असतं, बाबा रे, माझी बहीण तिकडे एकटी आहे, जरा बघून ये. गेला असता कोणी? हो म्हणाला असता आणि विसरला असता. परक्या गावात म्हातारीला भेटायला वेळ कुणाला आहे? पण औषध म्हटलं की माणूस जातो. ओझं वाटतं त्याला. दोन गाड्या बदलून जातो. दार वाजवतो, उघडेपर्यंत थांबतो."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"तिला सांगणार नाहीस ना, मला माहितीये म्हणून?" त्याने घाईने विचारलं. "सांगू नकोस. नको पाठवूस म्हणेल."

मी कपाळावर हात मारून घेतला. दोन म्हातारी माणसं, मध्ये समुद्र, आणि दोघांची गुपितं माझ्या पोटात. डोळ्याच्या ऑपरेशनला मात्र मी त्याला त्याच आठवड्यात फरफटत नेलं, नाहीतर मावशीला सगळं सांगेन अशी धमकी देऊन. दुकान चालू राहिलं. आता मीही ते बंद कर म्हणत नव्हते.

पुढच्या वर्षी एक फरशी बसवणारा आला. पहिल्यांदाच परदेशी कामाला निघालेला, अबोल माणूस, बॅगेचं हँडल तुटलेलं. मामाने हँडल बसवलं, पाकीट दिलं, नियम सांगितले. तिकडे पोचल्यावर पहिल्या सुट्टीच्या दिवशी तो मावशीच्या दारात गेला. घंटा वाजवली. दार उघडलं नाही. पुन्हा वाजवली. शेजारीण बाहेर आली आणि खुणेने म्हणाली, ठेवा इथे, जा. त्याला त्यांची भाषा येत नव्हती. त्याने मान हलवली आणि पाकीट छातीशी धरून उभा राहिला. बाई वैतागून आत गेली. त्याने खाली वाकून दारातल्या टपालाच्या फटीतून हाक मारली, "अक्का!"

आतून, खूप लांबून, अगदी बारीक आवाज आला, "आले रे, थांब."

तो थांबला. कोणी आलं नाही. त्याने परत हाक मारली, परत तेच, "आले, थांब." तेव्हा त्याला कळलं. त्याने शेजारणीचं दार बडवून तिला ओढत आणलं.

संध्याकाळी मामाच्या दुकानात फोन वाजला. मी तिथेच होते. फरशीवाल्याचा आवाज ऐकताच मामाने सवयीने विचारलं, "दार उघडायला किती वेळ लागला?"

"दार तोडलं, मामा."

मावशी आदल्या संध्याकाळपासून स्वयंपाकघरात पडून होती. खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, आणखी एक रात्र गेली असती तर ती वाचली नसती. मुलाचा फोन पुढच्या रविवारी आला असता. तिचं ऑपरेशन झालं, महिनाभर दवाखान्यात राहिली, आणि त्या देशात त्या सगळ्याला एक पैसा पडला नाही. मामाच्या भूगोलातल्या दुसऱ्या एखाद्या देशात तेवढ्यात घर गेलं असतं. पण ती पडली आहे हे कळायला मात्र दारात कोणीतरी उभं असावं लागलं.

फोन ठेवल्यावर मामा बराच वेळ मशीनच्या चाकावर हात ठेवून बसला. मग औषधवाल्याला हाक मारून म्हणाला, "लागू पडलं रे औषध." आणि त्या दिवशी मी त्याला रडताना पाहिलं.

चालता यायला लागल्यावर मावशी कायमची इकडे आली. विमानतळावर व्हीलचेअर, मांडीवर तीच जुनी बॅग, एक चाक मोडलेलं. मामाने ती दुकानात नेली, चाक बसवलं, आणि संध्याकाळी दुकानाची किल्ली मालकाच्या हातात ठेवून आमच्या घरी राहायला आला. कुणी त्याला आग्रह केला नाही, कुणाला विचारायची त्यालाही गरज वाटली नाही. दाभण आणि कात्री तेवढी सोबत आणली.

ती दोघं आमच्या खिडकीशी शेजारी शेजारी बसायची ती वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात गोंगाटाची आणि सगळ्यात चांगली वर्षं होती. दोघांची गुपितं पहिल्याच आठवड्यात फुटली, माझ्याकडून नव्हे, औषधवाल्याकडून. त्यावरून त्यांचं जे भांडण झालं ते महिनाभर पुरलं. मग ते मिटलं आणि दुसरं सुरू झालं. मावशीला इथे गोळ्या विकत घ्याव्या लागायच्या, आणि महिन्याचं औषध आलं की ती कुरकुरायची, "तिकडे फुकट होत्या."

"मग जा परत," मामा म्हणायचा, आणि सवयीने कात्री उचलून तिच्या पट्टीची कड कापायला घ्यायचा.

"तारीख ठेव रे!" मावशी ओरडायची.

आता दोघंही नाहीत, तरी मी अजून ते ऐकते. औषधाच्या दुकानात माझ्यापुढे कोणी पट्टी ठेवली की आधी कडेची तारीख बघते, आणि घरी आल्यावर ती कड हळूच कापून टाकते.